जू कुणाकडं कललं?

माझे थोरले मामा आटपाडीच्या बाजूला राहतात. कोरडवाहू जमीन, फाल्गुनातच तळ दाखवणारी विहीर आणि दावणीला एक खिलार खोंड, एवढा त्यांचा संसार. मी सातारा जिल्ह्यात मास्तरकी करतो आणि सुट्टी लागली की माणदेशाचा रस्ता धरतो. मामांकडे गेल्यावर आधी चहा मिळत नाही. आधी गोठ्यात जाऊन खोंडाच्या पाठीवरून हात फिरवावा लागतो, मग मामी चुलीवर आधण ठेवते.

खोंडाचे नाव सर्जा. आदत असताना, म्हणजे दुधाचे दात होते तेव्हा, लहानसहान मैदानांवर तो दोनदा पहिला आला होता. त्या जोरावर एका हेड्याने त्याची किंमत अडीच लाखांवर नेऊन ठेवली होती. मामांनी तेव्हा नाही म्हटले. गेल्या पौषात खटाव तालुक्यातल्या एका जत्रेत सर्जा पुन्हा धावला. सात गाड्या, सात चाकोऱ्या. सर्जाची गाडी सहावी आली.

परतीच्या टेंपोत जे बोलणे झाले ते मी कधी विसरणार नाही. चाकोरी कडेची मिळाली, माणसांच्या शिट्ट्यांनी खोंड बुजला. सुट्टी करणाऱ्याने गाडी उशिरा सोडली. जमीन भुसभुशीत, आमच्या खोंडाला मुरमाची सवय. सगळ्यांत लाडके कारण पैऱ्याचे होते. आमच्या भागात एका मालकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा एक, असा पैरा जुळवून गाडी पळवतात. जिंकली तर आपल्या बैलाने ओढली आणि हरली तर पैऱ्याच्या बैलाने घात केला, असा हा सोयीचा हिशेब! मॅट्रिकला पहिल्या खेपेला गणितात मी गटांगळी खाल्ली, तेव्हा पेपर तपासणाऱ्याविषयी मी अगदी अशाच आवाजात बोलत असे.

घोड्यांच्या शर्यतींचे बरे असते. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर प्रत्येक घोड्याचे आईबाप, वय, पाठीवरचे वजन, मागच्या धावा, सारे छापून मिळते. हरलेल्या घोड्याविषयी पंडितांना कागदावर वाद घालता येतो. आमच्या खोंडाचा इतिहास मालकाच्या तोंडात, आणि मालकाचे तोंड पक्षपाती.

मामांना हे हरणे इतके का लागले, तेही सांगायला हवे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या. त्या काळात आमच्या बाजूला जातिवंत खोंडाला गिऱ्हाईक उरले नाही. मामांनी पहिला बैल मातीमोल भावाने विकला आणि दोन दिवस ते जेवले नाहीत. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली आणि जानेवारीत कवठेमहांकाळ तालुक्यात नांगोळ्याला गाड्या धावल्या. मे २०२३ च्या निकालाने उरलीसुरली धाकधूकही गेली. आता चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही. धावण्याआधी पशुवैद्याची तपासणी होते. हे चांगलेच झाले, असे मला वाटते. मारून पळवलेल्या बैलाची खरी धाव कुणाला कळणार? तर या नव्या दिवसांत मामांनी सर्जा घेतला, तोही उसने पैसे करून. त्यात थोरल्या मुलीचे लग्न वैशाखात ठरलेले.

हरल्यानंतर चौथ्या दिवशी हेडी आला. म्हणाला, "सव्वा लाख. उद्या एवढंबी न्हाई मिळायचं." मामांनी एक दिवसाची मुदत मागितली आणि धनगरवाड्यावरच्या म्हातारबांना बोलावणे पाठवले. तरुणपणी त्यांनी उदंड गाड्या हाकल्या होत्या.

म्हातारबा आले, बसले. आमची सगळी कारणे त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "निम्म्यात आल्यावर जू कुणाकडं कललं हुतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. जू मधोमध दांडीला बांधलेले असते. जो बैल मागे पडतो, त्याच्या बाजूचे टोक मागे जाते. माझ्या धाकट्या मामेभावाने मोबाईलवर धाव टिपली होती. त्याने ती हळूहळू पुढे सरकवली. पहिली पन्नास पावले जू सरळ होते, आमची गाडी सगळ्यांच्या पुढे होती. निम्म्यावर जू कलले. पैऱ्याचा बैल मान पुढे घालून ओढत होता आणि मागे गेलेले टोक सर्जाचे होते.

कुणी बोलले नाही. मामांनी मोबाईल घेतला, पुन्हा पाहिला आणि उलटा करून घोंगडीवर ठेवला.

म्हातारबा उठून गोठ्यात गेले. खांद्यावरून हात फिरवला; सूज नव्हती. खूर पाहिले. मग सर्जाचा ओठ वर करून बोट आत घातले. पुढचे दोन दात पक्के आले होते. त्यांच्या शेजारचे दुधाचे दात हलत होते आणि हिरडी लाल झाली होती.

"चौसा व्हायला लागलाय," ते म्हणाले. "वैरण खातोय का नीट?"

तेव्हा मामी दारातूनच म्हणाली, "कडब्याची बुडखं आठ दिस झालं गव्हाणीत तशीच पडत्यात. मी जत्रंच्या आदीच सांगितलं हुतं. ऐकतंय कोन?"

सांगितले होते, खरेच. मी तेव्हा तिथेच होतो आणि पैरा कुणाचा घ्यावा यावर मोठे भाषण करीत होतो.

म्हातारबांनी भरवसा मात्र दिला नाही. "पोटात न्हाई म्हनून सुटला आसंल. आंगातच कमी आसंल तरीबी आसाच सुटतो. दात आल्याबिगार सांगता येत न्हाई. वरीसभर गाडीला लावू नका."

वर्षभर! वैरण कोण देणार, लग्न कशात होणार? दुसऱ्या दिवशी हेड्याने उपरण्याखाली मामांचा हात धरला आणि बोटे दाबली. दीड लाखापर्यंत तो चढला असावा, कारण मामा क्षणभर थांबले. मग त्यांनी हात काढून घेतला. त्या रात्री मामीने बोरमाळ काढून पाटावर ठेवली. लग्न पतसंस्थेच्या कर्जावर झाले; बोरमाळ अजून तारणातच आहे.

बेंदराला मामीनेच सर्जाच्या शिंगांना हिंगूळ लावला. आता तो पुरता चौसा झाला आहे. रब्बीच्या पेरणीत शेजाऱ्याच्या बैलाबरोबर पाभर ओढली, कडब्याची बुडखेही सोडत नाही. मार्गशीर्षात एक मैदान आहे. मामांचा परवा फोन आला, "मास्तर, पैरा कुणाचा घ्यावा?" मी यावेळी मत दिले नाही. मामेभाऊ निम्म्या अंतरावर मोबाईल घेऊन उभा राहणार आहे.

मामीने मागून ओरडून सांगितले, की त्या दिवशी सकाळी गव्हाण आधी ती बघणार, मग टेंपोला बोलवायचे.