धारवाडचा हिशेब

आमच्या भागात कोणाचं डोकं जरा फिरल्यासारखं वाटलं, की लोक पटकन म्हणतात, "ह्याला रत्नागिरीत नेऊन टाका." बाहेरच्या माणसाला रत्नागिरी म्हटलं की हापूस आठवतो, लोकमान्य टिळक आठवतात, थिबा राजाचा राजवाडा आठवतो. जिल्ह्यातल्या माणसाला मात्र आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे तिथलं मनोरुग्णालय. महाराष्ट्रात सरकारची अशी चार मोठी रुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आमचं १८८६ सालचं. पण इतकी वर्षं ते आमच्या दारात असूनही त्याचा उपयोग लोकांनी औषधासाठी कमी आणि शिवीसाठी जास्त केला.

आमचं घर पालीजवळच्या एका वाडीत. कोल्हापूरला जाणारी एसटी आमच्या फाट्यावरून जाते. थोडी भातशेती, हापूसची पंचवीसेक कलमं, काजूची झाडं आणि दोन म्हशी एवढ्यावर आमचं सात माणसांचं घर चालायचं. त्या सात माणसांत माझे धाकटे काका होते. मी चौथीत असताना त्यांची झोप उडाली. रात्र-रात्र अंगणात फेऱ्या मारायचे, कोणाशी तरी बोलायचे, मध्येच घाबरून माजघरात येऊन बसायचे. घरच्यांनी जे सगळे करतात ते केलं. देवळात कौल लावला, गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला, नारळ दिले. एका भगताने सांगितलं, वाटेवरचं लागलंय. दुसऱ्याने सांगितलं, भावकीतल्या माणसाने केलंय. त्यामुळे शेजारच्या घराशी आमचं बोलणं बंद झालं, ते पुढे सहा वर्षं सुरू झालं नाही. काकांची तब्येत तशीच राहिली.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "आधी रत्नागिरीला दाखवा. देवाचं मागाहून बघा." बाबांनी मन घट्ट करून काकांना नेलं. औषधं सुरू झाली आणि दोन महिन्यांत काका झोपायला लागले, जेवायला लागले. पावसाळ्यात लावणीला उभे राहिले. पूर्वीसारखे अगदी झाले नाहीत, पण आपलं काम आपण करणारा माणूस घराला परत मिळाला.

दर महिन्याला औषधं आणायला बाबा जायचे. सुट्टी असली की मीही जायची. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखीच माणसं बसलेली असायची, कोणी डबा घेऊन, कोणी झोपलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन. एकदा एक बाई काकांना समोर बसवून हळूहळू प्रश्न विचारत होत्या. झोप कशी लागते, सकाळी उठल्यावर काय वाटतं, भीती वाटली की काय करता? काकांना इतक्या सावकाश कोणी विचारल्याचं मी आमच्या घरातही पाहिलं नव्हतं. मी बाबांना विचारलं, "ह्या डॉक्टर काय?" बाबा म्हणाले, "औषध देणारे ते वेगळे. ह्या बोलणाऱ्या." तो फरक पुढे मला नीट कळला. औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ आधी एम.बी.बी.एस. होतो. बोलून, चाचण्या घेऊन, उपचार करणारा मानसशास्त्राच्या वाटेने येतो. डॉक्टरकी आमच्या आवाक्यातली नव्हतीच. दुसरी वाट मात्र बी.ए.पासून सुरू होत होती, आणि बी.ए. रत्नागिरीत होत होतं.

खरा प्रश्न २००३ साली आला. बी.ए. झालं, मार्क बरे पडले, आता एम.ए. कुठे करायचं?

मी एक शंभरपानी वही घेतली आणि त्यात रकाने आखले: फी, राहणं, जेवण, जाण्यायेण्याचं भाडं. पहिलं नाव अर्थातच मुंबई. आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाचंच, आणि कोकणातल्या माणसाला मुंबई कधी लांब वाटतच नाही. प्रत्येक घरातून कोणीतरी तिथे चाकरमानी असतो. आमचे मामा लालबागला चाळीत राहायचे. ते म्हणाले, "ये, तुला कोण नाही म्हणतंय?" नाही कोणीच म्हणत नव्हतं, पण दहा बाय बाराच्या त्या खोलीत आधीच सहा माणसं होती. मामी कॉटखाली झोपायच्या. मी तिथे पुस्तक कुठे उघडणार? कॉट बेसिसवर राहायचं तर महिन्याला दीड हजार फक्त झोपण्याचे. जेवण वेगळं, लोकलचा पास वेगळा. पुण्याचाही हिशेब जवळजवळ तेवढ्यावरच गेला. विद्यापीठाची फी कुठेच मोठी नव्हती. महाग होती ती अंग टाकायची जागा. गावातल्या पोरांच्या शिक्षणाचा खर्च लोक फीवरून मोजतात, तिथेच पुष्कळदा गणित बिघडतं.

आमच्या कॉलेजातले मराठीचे एक सर मुळचे बेळगावकडचे. त्यांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, "ह्यात धारवाड लिही. कर्नाटक विद्यापीठ. मुलींचं वसतिगृह आवारातच आहे. मेस स्वस्त. आणि गावात जुनं मानसिक आरोग्याचं रुग्णालय आहे, ते तुला हवंच."

मी म्हटलं, "सर, दुसरं राज्य ना ते?"

सर हसले. "अगं, १९५६ पर्यंत धारवाड आणि रत्नागिरी एकाच मुंबई राज्यात होते. राज्याची रेघ नंतर ओढली. जी. ए. कुलकर्णी कितीतरी वर्षं धारवाडला राहिले, तिथे कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि मराठीत कथा लिहिल्या. बेंद्रे घरात मराठी बोलायचे आणि कन्नडचे सर्वात मोठे कवी झाले. तुला दोन वर्षं राहायला काय होतंय?"

वहीत धारवाडचा रकाना भरला तेव्हा आकडे खरंच खाली आले. मेसचा आणि खोलीचा मिळून महिना हजाराच्या आत बसत होता. परराज्यातल्या मुलांना फी जरा जास्त होती आणि आपल्याकडची ईबीसीची सवलत तिकडे लागू नव्हती. मुंबई विद्यापीठातून मायग्रेशन सर्टिफिकेट आणायला एक खेप घालावी लागणार होती. हे सगळं धरूनही दोन वर्षांचा खर्च मुंबईच्या निम्म्यावर येत होता.

घरात मात्र आकड्यांवर बोलणं झालंच नाही. आजी म्हणाली, "बाय, वेड्यांच्यात राह्यलीस तर तू पण तशीच होशील गो." आईची काळजी वेगळी. एक स्थळ आलेलं होतं, मुलगा मुंबईत नोकरीला. त्यांच्याकडून निरोप आला, मुलगी पुढे काय शिकते ते कळू दे. मनोरुग्णांचं शिकते म्हटल्यावर पुन्हा निरोप आला नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांची अडचण झाडांची होती. हापूस एका वर्षी भरून धरतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. ते म्हणाले, "ह्या साली वाशीहून पट्टी बरी आली. पुढच्या साली काय ते आत्ता सांगता येत नाही. पहिलं वर्ष मी निभावीन, दुसऱ्याचं काय?" बँकेचं शैक्षणिक कर्ज तेव्हा नवीन सुरू झालं होतं, चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं. पण कर्ज म्हटलं की बाबांचा चेहरा उतरायचा. आजोबांच्या वेळेला एक मळा कर्जातच गेलेला होता.

काका त्या वेळी पडवीत काजू फोडत बसले होते. ते फार बोलायचे नाहीत. तेवढंच म्हणाले, "काजूचे माझे हायत ते घाला दुसऱ्या वर्षाला." त्यांच्या वाट्याचे काजूचे पैसे ते कधी मागत नसत, बाबा पोस्टात टाकत. त्यावर कोणी काही बोललं नाही आणि माझं जाणं ठरलं.

पालीहून कोल्हापूरची गाडी पकडायची. नाणीज, दाभोळे, साखरपा करत आंबा घाट चढायचा, मलकापूरवरून कोल्हापूर. तिथून निपाणी, बेळगाव, कित्तूर करत कर्नाटकाच्या लाल गाडीने धारवाड. पहाटे निघालं की संध्याकाळी पोचायचं. घाट चढेपर्यंत हवेत समुद्राची दमट ऊब असते, वर गेलं की ती सुटते. धारवाडला जून महिन्यात पाऊस पडायचा, पण आमच्यासारखा कोसळायचा नाही. पाऊस असूनही कपडे वाळतात याचंच मला पहिले काही दिवस नवल वाटलं.

वर्गात शिकवणं इंग्रजीत, वर्गाबाहेर सगळं कन्नड. पहिले दोन महिने मी मुकी होते. मेसमध्ये जोंधळ्याची भाकरी, एणगाई म्हणजे भरलं वांगं, आणि शेंगदाण्याची चटणी. मासळीच्या वासासाठी जीव कासावीस व्हायचा. वसतिगृहातल्या मुली रोज विचारायच्या, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का? मी आधी समजले की ह्यांना माझ्या जेवणाची फार काळजी. मग कळलं, तिकडे नमस्कारासारखंच विचारतात. तरीसुद्धा बरं वाटायचं.

प्रात्यक्षिकाला आम्हाला रुग्णांच्या मुलाखती घ्यायच्या असत. माझ्याबरोबर एक मैत्रीण भाषांतराला बसायची. एक शेतकरी बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तली केट्टैति." मैत्रिणीने इंग्रजीत लिहून दिलं, उदास आहे. मी तिला शब्दाला शब्द लावून विचारलं तेव्हा ती म्हणाली, डोकं बिघडलंय, नासलंय. दूध नासावं तसं. उदास आणि नासलेलं यात किती अंतर! माझी आई म्हणते पोटात कालवतं, आजी म्हणायची जीव थाऱ्यावर नाही, काका म्हणायचे डोक्यात भुंगा घुसलाय. ह्यातल्या एकालाही पुस्तकातला शब्द नीट बसत नाही. परक्या भाषेत बसून मला माझ्या भाषेतलं दुखणं ऐकू यायला लागलं, हे त्या दोन वर्षांतलं मोठं शिक्षण.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत घरी गेले तर काका ओळखू येईनात. "आता बरा आहे" म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि दुखणं उलटलं होतं. बाबांनी फोनवर मला काहीच सांगितलं नव्हतं. "तुझी परीक्षा होती, आणि तू येऊन काय करणार होतीस?" मी रागावले, पण त्यांचंही खरं होतं. एसटीडी बूथवरून आठवड्याला तीन मिनिटं बोलणारी मुलगी काय करणार? त्या सुट्टीत मी काकांजवळ बसले, गोळ्या का सोडल्या ते विचारलं. हात थरथरतात, कोयता धरता येत नाही, असं ते म्हणाले. ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघं रत्नागिरीला गेलो, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. माझी सुट्टी संपली तेव्हा काका पुन्हा झोपायला लागले होते. परीक्षेला बसायला मी धारवाडला परत गेले, काजूच्या पैशांवर.

एम.ए.नंतर पुढे तेव्हा क्लिनिकल मानसशास्त्राचं दोन वर्षांचं एम.फिल. करायचं असायचं. १९९२ च्या कायद्याने नेमलेल्या पुनर्वास परिषदेची मान्यता त्या संस्थेला लागते, आणि परिषदेकडे नोंदणी झाली तरच स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येतं. बंगळूरचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था अशी मोजकी ठिकाणं. तेव्हा धाकट्या भावाची बारावी होती. घरातली शिक्षणाची पाळी त्याची होती. मी समुपदेशनाच्या कामाला लागले आणि आजवर तेच करते. शाळांतून जाते, बचत गटांच्या बायकांत बसते. ज्याला औषधाची गरज दिसते त्याला रत्नागिरीला पाठवते, आणि जमलं तर पहिल्या खेपेला सोबत जाते.

आता दर मे महिन्यात एखाददुसरे आईबाप मुलीला घेऊन येतात. तिला मानसशास्त्र घ्यायचं असतं. वाटा पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाला एक सामाईक परीक्षा आहे. बनारस, हैदराबाद, पुदुच्चेरीसारख्या ठिकाणी सरकारी फीमध्ये शिकता येतं. एम.फिल. हे नाव नव्या शिक्षण धोरणाने मागे पाडलं आहे, तेव्हा नोंदणीला नेमकं काय चालतं ते परिषदेकडूनच विचारून घ्या, असं मी सांगते. जाहिरातीवर जाऊ नका. आधी विद्यापीठ मान्यतेचं आहे का बघा, मग जवळ रुग्णालय आहे का बघा, मग राहण्याखाण्याचा दोन वर्षांचा आकडा काढा. फी सगळ्यात शेवटी.

वहीत मी त्यांना एक रकाना जास्तीचा आखून देते. घरात आजारी माणूस असेल, म्हातारं असेल, तर दोन वर्षं त्याच्याकडे कोण बघणार, त्याचं नाव तिथे लिहायला लावते. आणि त्याचं खरंखुरं दुखणं मुलीला फोनवर कोण सांगणार, त्याचंही. बहुतेक बाप ह्या रकान्यापाशी थांबतात, पेन खाली ठेवतात, बायकोकडे बघतात. मी गडबड करत नाही. ते नाव लिहून झाल्यावरच आम्ही बसचं वेळापत्रक काढतो.