अनोळखी रानात जायच्या आधी



आज सोयाबीनची फवारणी नाही की तुरीची शेंडेखुडणी नाही. दोन महिने झाले, सकाळी धारा काढून झाल्या की मी तासभर फोनवर एका परक्या डोंगराचा नकाशा बघत बसतो. पारावर दोघा-तिघांनी विचारलं, "अण्णा, कुठं जमीन घेताय काय?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमचा धाकटा अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला नोकरीला आहे. तिथं कायम राहायचं कार्ड मिळालंय त्याला. यंदा त्याला हरणाच्या शिकारीचा परवाना लागला. लागला म्हणजे खरंच लागला, सोडतीत. तिथं सगळ्या राज्याचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिलेत. कुठल्या तुकड्यात हरणं किती, त्यावर परवाने किती हे सरकार ठरवतं. 2022-23 चा हिवाळा त्या राज्याच्या वायव्य भागात फार कडक गेला, हरणं लई मेली, तर पुढच्या हंगामाला परवाने कापले. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला. त्याच्याही आधी बंदूक कशी धरायची, कुठं झाडायची नाही याचा वर्ग करून पास व्हावं लागतं. 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा नियम लागू.

बातमी घरात सांगितली तेव्हा त्याच्या आईनं एवढंच विचारलं, "का, पोटाला कमी पडतंय का त्याला तिथं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे. आपली ओळख जनावराशी आहे ती जागलीतली. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा लोळवून जातो, डुकरं भुईमूग उकरतात, आणि आपण माळ्यावर बसून डबडी वाजवतो. आपल्याला त्यांचा राग येतो, कारण ती आपलं खातात. धाकट्याला त्या हरणानं काय केलंय?

त्याला तसंच विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, इथं मी दर आठवड्याला दुकानातनं मांस आणतो. ते जनावर कसं जगलं, कसं मेलं, काही माहीत नसतं. एकदा सगळं आपल्या हातानं करून बघायचंय. नाही झेपलं तर खायचंही सोडीन." पोरगा विचार करून बोलत होता. मग मी म्हणलं, ठीक आहे, नकाशा पाठव.

जनावर

ह्या हरणाचं नाव म्यूल डिअर. खेचरासारखे मोठे कान, म्हणून ते नाव. शेपटी बारीक, पांढरी, टोकाला काळी. बिचकलं की चारी पाय एकदम उचलून चेंडूसारखं टणाटणा उड्या मारत जातं. शिंगं आपल्या सांबर-चितळासारखी, दर हिवाळ्यात गळतात आणि नवी येतात. रोही, काळवीट यांची शिंगं जन्मभराची असतात, तसं ह्याचं नाही. धाकट्याचा परवाना नराचा आहे. निदान एक शिंग 5 इंचांचं पाहिजे, तरच तो कायद्यानं नर.

खायची रीत ऐकून मला बरं वाटलं, कारण ती ओळखीची निघाली. हे हरीण गाईसारखं गवत ओरबाडत नाही, शेळीसारखं झुडपांचे शेंडे खुडतं. तिकडं सेजब्रश म्हणून करड्या पानाचं, उग्र वासाचं झुडूप मैलोन्‌मैल आहे, हिवाळ्यात त्यावरही दिवस काढतं. म्हणजे हिरवळ दिसली की तिथं हरीण, असं धरून चालायचं नाही. शेळी कुठं रमेल ते बघायचं.

उन्हाळ्यात ही हरणं वर डोंगरात असतात आणि बर्फ पडायला लागलं की टप्प्याटप्प्यानं खाली उतरतात. त्याचा हंगाम ऑक्टोबरअखेरचा, नऊ दिवसांचा. त्या वेळी ती वर असतील, खाली असतील की वाटेत, हे बर्फावर. म्हणून एक जागा ठरवून भागत नाही. वरची एक, मधली एक, खालची एक अशा तीन जागा काढून ठेवल्यात.

जमीन

गाव मीकर. डेन्व्हरपासून गाडीनं चार-एक तास पश्चिमेला. गावच 6,000 फुटांच्या वर आहे. आपलं कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर त्यांच्या बाजारपेठेच्या खाली राहिलं. तिथं पाठीवर ओझं घेतलं की दम लागणारच, हे आधी धरून चालायचं.

गावाच्या आसपास कोसभर, दोन कोस सरकारी जमीन आहे. आपल्या गायरानासारखी समजा, पण केवढी! वसाहतीच्या काळात 1862 च्या कायद्यानं कसणाऱ्याला 160 एकर मिळायची. जी कोरडी, उंचावरची जमीन कुणी घेतलीच नाही ती बऱ्याच अंशी सरकारकडं राहिली. भूव्यवस्थापन खात्याकडं आज साधारण 24.5 कोटी एकर आहे, आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. जंगल खात्याची वेगळी. त्यावर कुणीही चालावं, तंबू टाकावा, परवाना असेल तर शिकार करावी. गुराखी, मेंढपाळ फी भरून तिथंच जनावरं चारतात.

ही जमीन आधी यूट लोकांची होती. नेथन मीकर नावाचा सरकारी एजंट तिथं आला. ह्या घोड्यांवर जगणाऱ्या लोकांना शेतकरी करायचंच, म्हणून त्यानं त्यांच्या घोड्यांच्या कुरणात नांगर घातला. 1879 मध्ये त्यावरून भडका उडाला, तो आणि त्याची माणसं मारली गेली, आणि 1881 मध्ये ह्या यूटांना तिथून उठवून शेजारच्या युटा राज्यात पाठवलं. गावाला नाव मात्र मीकरचं. आपण नांगराला हात जोडणारी माणसं. नांगर कुठं घालायचा नसतो, हे त्या नकाशावर वाचायला मिळालं. धाकट्याला म्हणलं, कुणाच्या रानात चाललोय तेवढं डोक्यात असू दे.

आता खरा घोळ बांधाचा. सरकारी जमिनीच्या मधेमधे खाजगी तुकडे आहेत. कोलोरॅडोत खाजगी मालकानं कुंपण किंवा पाटी लावलीच पाहिजे असं नाही. तुम्ही विनापरवानगी आत शिरलात तर गुन्हा तुमचा. सरकारी जमीन समोर दिसते, पण मधे एका मालकाची पट्टी आडवी. आपल्याकडं सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची असते, त्यातलीच गत. तर आम्ही पहिले पंधरा दिवस फक्त हद्दी बघितल्या. फोनवरच्या नकाशात मालकी रंगानं दिसते. मोबाईलला रेंज नसते, म्हणून तो नकाशा आधीच उतरवून घेतला, शिवाय कागदावर छापून घेतला. फाटकाचा नियम मला आवडला. उघडं दिसलं तर उघडं सोडायचं, बंद दिसलं तर आपल्यामागं बंद करायचं. आपल्याकडं एवढं पाळलं तर निम्मी भांडणं मिटतील.

रस्ते कच्चे. धाकटा म्हणाला, कोरडे असतात तेव्हा झकास. मी विचारलं, माती कसली? चिकण. मग मी सांगितलं, पाऊस किंवा बर्फ पडलं की गाडी पुढं न्यायची नाही. आपल्या काळ्या रानात ट्रॅक्टर कसा रुततो ते त्यानं बघितलेलं आहे. पहाटे गोठलेला रस्ता दुपारी लोणी होतो. जायचं पहाटे, तर परत यायचं कधी, हे आधी ठरवायचं.

वारा

डोंगरात रोजचा वारा घड्याळासारखा असतो. रात्रीपासून ऊन पडेपर्यंत गार हवा उतारानं खाली वाहते. ऊन तापलं की हवा वर चढते. संध्याकाळी पुन्हा खाली. हे आपल्याला नवं नाही. हिवाळ्यात ओढ्याकाठच्या वावरात गारठा साचतो आणि संध्याकाळी पेटवलेल्या काडीकचऱ्याचा धूर खाली सखलात जाऊन बसतो. हरणाच्या नाकाला माणसाचा वास तसाच पोचतो. म्हणून उजाडताना हरणाच्या वरच्या अंगाला थांबायचं नाही. समोरच्या धारेवर बसायचं आणि पलीकडचा उतार दुर्बिणीनं हात-हात करून बघायचा. हरीण सावलीला बसलं आणि हवा वर चढू लागली की मग वळसा घालून वरून जवळ जायचं. पायांपेक्षा डोळ्यांनी जास्त चालायचं.

अंगात भडक केशरी कपडा आणि डोक्यावर केशरी टोपी, हा तिथला कायदा. दुसऱ्या शिकाऱ्याला आपण माणूस दिसावं म्हणून. हरणाला तो रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही.

ओझं

आता मुद्द्याचं. धाकट्यानं पहिल्यांदा नकाशावर जी जागा दाखवली ती रस्त्यापासून 5 किलोमीटर आत होती. का, तर तिथं गर्दी नसते. मी म्हणलं, जाशील रे. येशील कसा?

80-90 किलोचा नर पडला तर हाडं काढून तीसेक किलो मांस निघतं. शिवाय शिंगं, रायफल, पाणी, कपडे. एका माणसाच्या दोन खेपा. म्हणजे एकदा जायचं, ओझं घेऊन यायचं, परत जायचं, परत ओझं घेऊन यायचं. 5 किलोमीटरचे 20 झाले, तेही चढउताराचे, त्या विरळ हवेत, बहुधा अंधारात. 2 किलोमीटरवर असेल तर 8 होतात. तेवढं होतं.

त्यात मांस गार करायची घाई. दुपारी ऊन असतंच. कातडं लगेच काढून, सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगलं नाही तर नासतं. आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथं गुन्हा आहे. हे त्याच्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "कायदा कशाला पाहिजे त्याला? जीव घ्यायचा आणि टाकून यायचं का?"

एक रोगही आहे तिकडच्या हरणांत, मेंदू पोखरत नेणारा. 1967 मध्ये कोलोरॅडोतच पहिल्यांदा दिसला. जनावर वाळत जातं आणि मरतं. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण रोगी जनावर खाऊ नका असं सांगतात. म्हणून डोकं तपासणीला द्यायचं आणि निकाल येईपर्यंत मांस शीतपेटीत ठेवायचं. हेही ओझ्यातच धरा.

असा सगळा हिशोब आम्ही उलटा मांडला. आधी शीतपेटी, मग गाडी, मग रस्ता, मग खेपा, आणि शेवटी हरीण. पेरणीचंही असंच आहे की. माल कुठं विकायचा ते ठरल्याशिवाय कोण बियाणं घेतं?

एकटा

त्याच्याबरोबर ऑफिसातला एक जाणता शिकारी येणार होता. त्याच्या घरी त्याच आठवड्यात पाळणा हलणार आहे, त्यामुळं तो गळाला. मी म्हणलं, मग यंदा राहू दे. धाकटा म्हणाला, परवाना पुढच्या साली चालत नाही, पुन्हा सोडत. चार दिवस आमचं नकाशावर बोलणं बंद होतं. पाचव्या दिवशी त्यानं विचारलं, "अण्णा, माझ्या वयाचे असताना तुम्ही एकटेच जागलीला जात होता ना?"

जात होतो. पण त्या वावरात अंधारात दगड कुठं आहे ते माझ्या पायाला माहीत होतं. हाक मारली तर शेजारच्या माळ्यावरून ओ यायची. हे मी त्याला सांगितलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "तुम्ही अटी सांगा. मी पाळतो."

तीन अटी घातल्यात. सोबत मिळाली नाही तर गाडीपासून 2 किलोमीटरच्या पुढं जायचं नाही, समोर कितीही मोठं शिंग दिसलं तरी. दुसरी, गोळी 200 यार्डांच्या आतच आणि दिवस मावळायच्या तासभर आधी बंद. कायदा मावळल्यावर अर्धा तास देतो, पण जखमी जनावराचा माग काढायला उजेड पाहिजे. तिसरी, रोज रात्री आठला उपग्रहाच्या यंत्रावरून निरोप. नऊपर्यंत आला नाही तर त्याचा मित्र तिथल्या शेरीफला फोन करील. शोधमोहीम शेरीफच्या हाताखाली असते. मित्राकडं नकाशाची प्रत आणि गाडीचा नंबर देऊन ठेवायचा.

सप्टेंबरात दोन दिवस तो नुसता बघायला जाणार आहे, बंदूक न घेता. पाणवठे चालू आहेत का, माग ताजे आहेत का, झुडपांचे शेंडे खुडलेले दिसतात का. लेंड्या दिसल्या तर काडीनं मोडून ओल बघ, फोटो पाठव म्हणून सांगितलंय. त्याची आई म्हणाली, "तेवढेच फोटो पाठव म्हणावं. बाकीचे मला नको."

पुढची नोंद नोव्हेंबरात. उद्या सोयाबीनच्या चक्रीभुंग्यावर लिहितो.