अंबाजोगाईची पासोडी

कोकणस्थांची कुलदेवता योगेश्वरी कोकण सोडून मराठवाड्यात इतक्या आत का येऊन राहिली, हा प्रश्न आमच्या घरात दर पिढीला पडतो. परळीच्या वैजनाथाशी ठरलेल्या लग्नाचा मुहूर्त टळला म्हणून ती इथेच राहिली, अशी कथा सांगतात. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, ओटी भरतात आणि लगेच परतीच्या गाडीची चौकशी करू लागतात. मीही त्यांतलाच. पण या खेपेस गाडी जाऊ दिली आणि गावात राहिलो, तो दासोपंतांसाठी.

मुकुंदराजांची समाधी याच गावी. 'विवेकसिंधु'मुळे त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दासोपंतांच्या वाट्याला मात्र फार तर एखादी ओळ येते. आणि माणूस तर असा, की त्याने ओळींचा समुद्र केला!

त्यांचा जन्म शके १४७३ मधला, म्हणजे इ. स. १५५१. वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे, बेदरच्या पातशाहीतले. सरकारी वसूल थकला म्हणून पातशहाने मुलाला ओलीस ठेवले आणि दत्ताजी पाडेवार नावाच्या कुणी पैसे भरून त्याला सोडवले. हा पाडेवार म्हणजे साक्षात दत्तात्रेय, असे परंपरा सांगते. खरेखोटे दत्त जाणे. पण दरबार आतून पाहिलेला हा मुलगा पुढे कुणाच्या दरबारी गायला गेला नाही. देशपांडेपण सुटले, आणि अंबाजोगाईला बसून त्याने पदे रचली ती दत्तासाठी.

किती रचली? 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा आणि 'पदार्णव' सव्वा लाख पदांचा, असे सांगतात. रोज ढबूभर किमतीची शाई लागे म्हणे! गृहिणींनी या खर्चाचा हिशेब करावा. त्यांतले हाती लागले ते थोडे.

कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी पासोडी घेतली. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड सुती पांघरूण. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा त्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. पंचमहाभूतांतून सृष्टी कशी झाली, तो विषय. आपण पांघरुणावर धोब्याची खूणही सहन करीत नाही. इथे ओळीमागून ओळ चालली आहे, आणि चारशे वर्षांनंतरही अक्षर डोळ्यांत भरते. कापड मात्र जीर्ण झाले आहे. हात लावण्याचा धीर मला झाला नाही.

खरी हुरहुर लागते ती पदांची. दासोपंत नुसते कवी नव्हते; पदे रागांत बांधणारे होते, स्वतःच शब्द आणि स्वतःच चाल. शब्द कागदावर उतरले. राग कोणता, तेही लिहिता येते. पण सूर कसा लावायचा, कुठे थांबायचे, कुठला शब्द घोळवायचा, हे लिहून ठेवण्याची सोय तेव्हा कुणापाशी होती? चारशे वर्षांत रागांची रूपेही पालटली. आज एखाद्या कसलेल्या गवयाने तीच पदे गायिली, तर ती त्या गवयाची होतील.

संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ टाळावर पद म्हणत होते. दासोपंतांचेच, असे ते म्हणाले. चाल कुणाची, म्हणून विचारले.

"आमच्या आजोबांची," ते म्हणाले, आणि पुढचे कडवे आठवू लागले.