वर्सोव्याचें दुसरें बिऱ्हाड

मुंबईच्या धनिकांनीं हवापालटासाठीं समुद्रकांठीं बंगले बांधावे आणि पुढें त्या बंगल्यांचेंच नांव वस्तीस पडावें, असें वर्सोव्यास दोनदां घडलें आहे. सात बंगले व चार बंगले हीं तीं नांवें. ते बंगले बहुतेक गेले व त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. नांवें मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडीं टिकून आहेत. दादाभाई नौरोजी सार्वजनिक कार्यांतून निवृत्त झाल्यावर वर्सोव्यासच येऊन राहिले. ९१ वर्षें पुरीं करून १९१७ सालीं ते वारले. आज घाटकोपराहून निघालेली मेट्रो (ती २०१४ सालीं सुरू झाली) वर्सोवा नांवाच्या स्थानकावर थांबते खरी. परंतु कोळ्यांचें गांवठाण तेथून बरेंच दूर असून पुढें रिक्षा करावी लागते.

या गांवठाणालगत आमच्या पुतण्यानें एक बैठें कौलारू घर भाड्यानें घेतलें आहे. तो राहतो ठाण्यास. सुटीचे चार दिवस समुद्रावर काढावे हा हेतु. घर सजविण्याचा प्रश्न निघाला तेव्हां सूनबाईंनीं मासे धरण्याचें जाळें, एक वल्हें व रंगविलेला नांगर भिंतीवर टांगण्याचें ठरविलें होतें. जें जाळें शेजारचा कोळी रोज ओट्यावर बसून विणतो-सांधतो, तेंच आपण शोभेसाठीं टांगणें म्हणजे वैद्याच्या शेजारीं राहून खलबत्ता कांचेच्या कपाटांत मांडण्यासारखें आहे. सुनेनें हें हंसून ऐकलें व वल्हें तेवढें ठेवलें. त्यास माझी हरकत नाहीं.

खरें पाहतां अशा घराची सजावट आपण ठरवीत नसून खारी हवा ठरवीत असते. समुद्राच्या तुषारांबरोबर मीठ येतें, सर्व वस्तूंवर बसतें, आणि हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं तें पाणी ओढून घेऊन पाझरूं लागतें. पावसाळ्यांतली मिठाची बरणी आठवावी. लोखंडी खाट, पत्र्याची पेटी, साधे खिळे यांस म्हणून तेथें आयुष्य नाहीं. पितळेस हिरवा कळंक चढतो, पण चिंच लावून घासलें कीं तें उजळतें. साग, वेत व दगडी फरशी हीं उत्तम. भिंतींस चुनाच द्यावा. तैलरंग दिल्यास ओल आंतल्या आंत कोंडून रंगास फोड येतात. दिवसा वारा समुद्रावरून जमिनीकडे व रात्रीं उलट वाहतो, यास्तव पूर्व-पश्चिम खिडक्यांच्या आड कपाट ठेवूं नये. कपाटाऐवजीं खुंट्या माराव्या. संस्कृतांत खुंटीस नागदंत म्हणतात. वात्स्यायनानें रसिक नागरकाची वीणा नागदंतावरच टांगली आहे, आणि त्याच्या खोलींतील सामानहि आजच्या मानानें थोडेंच. पुस्तकें व फोटो मृगापूर्वीं घरीं परत न्यावे. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास मात्र कोणत्याच उपायानें जात नाहीं. ज्यांस तो सोसत नाहीं त्यांनीं गांवठाणालगत घर घेऊं नये. कोळी तेथें आधींपासून आहेत, आपण मागून आलों.

हें सर्व ठीक झालें. अडलें तें वहिनींपाशीं. थोरल्या बंधूंच्या पश्चात् त्या पुण्याच्या वाड्यांत एकट्या राहत. वाडा पाडण्याचें ठरलें, तेव्हां सागवानी झोपाळा, पाट, समया व देव घेऊन त्या ठाण्याच्या तीन खोल्यांत आल्या. झोपाळ्यास तेथें जागा नव्हती. तो वर्सोव्यास न्यावा, देव्हाराहि न्यावा व आईनें थंडीचे महिने समुद्रावर काढावे, असें पुतण्याच्या मनांत होतें. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, देव तिकडे नेले तर त्यांच्या पूजेसाठीं मला तिथंच राहिलं पाहिजे. बंद घरांत देव कसे ठेवायचे? आणि इथं ठेवले तर दोन दिवसांत परत आलं पाहिजे. मुलाला हें कळत नाहीं. मी कुठली, तेवढं सांगा."

याचें उत्तर मजजवळ नव्हतें. सोय तेवढी सुचली. देव्हारा ठाण्यासच राहावा व नित्य पूजा सुनेनें पाहावी. वहिनींनीं केवळ बाळकृष्ण डब्यांत घालून आपल्याबरोबर न्यावा. प्रवासांत देव बरोबर नेण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. वर्सोव्याच्या भिंतींत एक कोनाडा होता. तो चुना देऊन स्वच्छ केला व त्यांत पाट बसविला.

झोपाळा पडवींत टांगला. सुतारानें लोखंडी आंकडे काढून पितळी बसविले. कड्या वाड्याच्याच आहेत. पडवींतून समुद्र दिसत नाहीं, ऐकूं मात्र येतो. पुळण पाहावयाची तर चार पावलें चालावें. कचऱ्याच्या ढिगांनीं झांकलेली ही पुळण २०१५ पासून स्वयंसेवकांनीं आठवड्यामागून आठवडे उपसली, आणि २०१८ सालीं तेथें कांसवाचीं पिलें वाळूंतून निघून समुद्राकडे जातांना लोकांनीं पाहिलीं.

पहिल्या खेपेस वहिनी चार दिवसांच्या बोलीनें गेल्या, त्या अकरा दिवस राहिल्या. निघतांना बाळकृष्ण डब्यांत घेतला. पाट कोनाड्यांतच राहूं दिला, आणि चिंचेची पुडी खुंटीवर टांगून ठेवली.