प्रसंगांची अदलाबदल

रस्त्यावर घडणारा, तुकड्यातुकड्यांचा आणि अधूनमधून स्वप्नासारखा वागणारा सिनेमा पाहून बाहेर पडणारे प्रेक्षक दोन गोष्टी हमखास बोलतात. 'गोष्ट अशी काही नव्हतीच' ही एक, आणि 'मधले दोन-तीन प्रसंग काढले असते तरी चाललं असतं' ही दुसरी. संकलनाचं काम करणाऱ्या माणसाने यातली दुसरी फार गंभीरपणे घ्यावी असं मला वाटतं, पण ती शब्दशः घेऊ नये. प्रेक्षक लांबीबद्दल बोलतोय असं धरून आपण कापायला बसतो आणि सिनेमा आखूड होऊनही कंटाळवाणाच राहतो. माझ्या मते ही तक्रार बहुतेक वेळा क्रमाची असते. एखादा प्रसंग काढला तरी चालेल असं ज्याला वाटतं, त्याला आतून हे जाणवलेलं असतं की तो प्रसंग आधी आला असता किंवा नंतर, काहीच बिघडलं नसतं. तेव्हा अशा सिनेमाची परीक्षा 'काय गाळता येईल' या प्रश्नाने करण्याऐवजी 'कशाची जागा बदलता येईल' या प्रश्नाने करावी. ही परीक्षा मला जिम जार्मुश यांच्या 'डेड मॅन'वर लावून पाहायची आहे, कारण या सिनेमावर जितकी टोकाची मतं पडली तितकी त्या काळच्या फार थोड्या स्वतंत्र अमेरिकी सिनेमांवर पडली असतील.

'डेड मॅन' १९९५ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. तिथे त्याचं स्वागत थंडच झालं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत लागला तेव्हा रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी दीड तारा दिला. दिग्दर्शकाला काहीतरी म्हणायचं आहे, पण ते काय याचा आपल्याला पत्ता लागत नाही, असा त्यांचा सूर होता, आणि नील यंग यांचं संगीत तर त्यांना कुणाच्या तरी हातातून गिटार पुन्हा पुन्हा खाली पडावी तसं वाटलं. उलट बाजूला जोनाथन रोझेनबॉम यांना हा सिनेमा इतका महत्त्वाचा वाटला की त्यांनी २००० साली त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. हे दोघेही आयुष्यभर सिनेमे पाहत आलेले समीक्षक. त्यामुळे एकाला कळलं आणि एकाला कळलं नाही, असं म्हणून सुटका होत नाही. दोघांनी तीच एकशे एकवीस मिनिटं पाहिली आणि दोघांनाही सिनेमातली मोकळी जागा जाणवली. एकाला ती भरायची राहून गेलेली वाटली, दुसऱ्याला मुद्दाम मोकळी ठेवलेली.

कथानक थोडक्यात सांगून टाकतो. क्लीव्हलंडचा विल्यम ब्लेक नावाचा हिशेबनीस नोकरीचं पत्र घेऊन रेल्वेने पश्चिमेला मशीन नावाच्या गावी पोचतो. नोकरी दुसऱ्याला देऊन झालेली असते. त्याच रात्री एका बाईच्या खोलीत गोळीबार होतो, बाई मरते, तिला लागलेली गोळी तिच्यातून आरपार जाऊन याच्या छातीत रुतते आणि याच्या हातून कारखानदाराचा मुलगा मरतो. पुढे जंगल, भाड्याचे मारेकरी, आणि नोबडी नावाचा एक आदिवासी सोबती, ज्याला हा माणूस म्हणजे इंग्रज कवी विल्यम ब्लेकच आहे असं वाटतं. शेवटी समुद्र. प्रसंग एकमेकांतून निघत नाहीत. एक संपतो, पडदा सावकाश काळा होतो, दुसरा सुरू होतो.

सुरुवातीचा रेल्वेचा प्रसंग मात्र जवळून पाहायला हवा, कारण सिनेमा कसा पाहायचा हे तिथेच शिकवलेलं आहे. ब्लेक चौकटीच्या कापडाचा सूट घालून, चष्मा लावून डब्यात बसलाय. समोर शहरी कपड्यांतली माणसं आहेत. इंजिनाची चाकं आणि दांडे दिसतात, डब्यातला दिवा हेलकावतो, ब्लेकला डुलकी लागते, काळोख. डोळे उघडतो तर समोरची माणसं बदललेली, कपडे जाडेभरडे. पुन्हा खिडकी, पुन्हा चाकं, पुन्हा काळोख. आता डब्यात बायका दिसत नाहीत. शेवटी उरतात ते केसाळ कातडी पांघरलेले, मांडीवर बंदुका घेतलेले पुरुष, आणि ते एकाएकी उठून खिडक्यांतून रानरेड्यांवर गोळ्या झाडू लागतात. प्रवास किती दिवस चालला हे कुणी सांगत नाही. दर काळोखानंतर डब्यातून काहीतरी कमी झालेलं असतं: आधी शहर, मग कुटुंबं, मग सभ्यपणा. कपडे बदलत नाहीत ते एकट्या ब्लेकचे, म्हणून तोच हळूहळू विचित्र दिसायला लागतो. रॉबी म्यूलर यांचा कॅमेरा इथे एकही दिखाऊ गोष्ट करत नाही आणि बराच वेळ संवादही नाहीत. जे घडतं ते त्या काळ्या जागांमध्ये, आणि संकलक जे रॅबिनोविट्झ यांनी त्या जागा इतक्या ऐसपैस ठेवल्या आहेत की प्रेक्षकाला मागचा डबा आठवून समोरच्याशी ताडून पाहायला वेळ मिळतो.

हीच वजाबाकी पुढे सगळा सिनेमा चालवते. आईवडील आणि वाग्दत्त वधू आधीच गेलेली. पैसे आईवडिलांच्या अंत्यविधीवर आणि तिकिटावर संपलेले. मग नोकरी जाते, उरल्यासुरल्या नाण्यांत दारूची एक छोटी बाटली येते, मग छातीत गोळी. नोबडी ती उकरून काढायला बघतो, पण ती फार खोल गेलेली. मग त्याचा चष्मा काढून घेतला जातो. मग सोबतीही त्याला रानात एकटं सोडून जातो. पाठलागाच्या बाजूलाही तेच आहे. तीन मारेकरी निघतात, त्यांतला कोल विल्सन आधी पोरसवद्या साथीदाराला मारतो, मग बडबड्या साथीदाराला मारून खातो, आणि अखेरपर्यंत एकटाच पोचतो. वाढतात ती झाडांवर डकवलेली ब्लेकच्या नावाची इनामाची पत्रकं. माणूस झिजत जातो आणि त्याची कीर्ती फुगत जाते, ही या सिनेमाची सगळ्यात क्रूर आणि मला सगळ्यात आवडणारी रचना आहे.

आता प्रसंग हलवून पाहावेत. एकटा पडलेल्या ब्लेकला जंगलात मेलेलं हरणाचं पाडस दिसतं. तो त्याच्या जखमेला बोट लावतो, मग स्वतःच्या जखमेला, ते रक्त चेहऱ्यावर ओढतो आणि पाडसाला बिलगून आडवा होतो. गोष्टीच्या हिशेबाने या प्रसंगातून काहीच पुढे जात नाही. 'हा काढला असता तरी' या यादीत तो सहज जाईल. पण हाच प्रसंग उचलून शेकोटीभोवती बसलेले तीन शिकारी ब्लेकला भेटतात त्या प्रसंगाआधी ठेवला, तर तो खोटा पडतो. त्या तिघांसमोर ब्लेक अजून घाबरलेला हिशेबनीस आहे, बंदूक त्याच्या हातात परकी आहे, आणि जे होतं ते झटापटीत होतं. असा माणूस मेलेल्या जनावराशेजारी निजणार नाही, तो वळसा घालून पुढे जाईल. तिथून, पुढे व्यापारी ठाण्यावर भेटणाऱ्या मिशनऱ्यापर्यंत आलं की त्याच हातात घाई नाही आणि चूकही नाही. हा सिनेमा प्रसंगांचा आहे, तरी प्रसंग सुटे नाहीत. त्यांना बांधणारा धागा कारण-परिणामाचा नाही, झिजण्याचा आहे.

मग इतक्या प्रेक्षकांना तो धागा का सापडला नाही? काळोख फार, गती कमी, हे उत्तर पटत नाही. जार्मुश यांच्याच १९८४ च्या 'स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज'मध्ये एकेक प्रसंग एकाच अखंड शॉटचा आहे आणि दोन प्रसंगांमध्ये कोरी काळी फिल्म आहे. त्यातही प्रवास आहे, त्यातही 'घडत' काही नाही. त्या सिनेमाला कानमध्ये पहिल्या चित्रपटासाठीचं कॅमेरा दॉर मिळालं आणि प्रेक्षकांनी तो हसत पाहिला. तिथे काळोख विनोदी नटाच्या विरामासारखा काम करतो: वाक्य पडतं, थांबा येतो, हसू फुटतं. शिवाय तीन भागांना तीन शीर्षकं आहेत, म्हणजे आपण कुठवर आलो ते समजतं. 'डेड मॅन'मध्ये अडचण वेगळी आहे. जखमी माणूस, घोडा, मारेकरी, जॉनी डेपसारखा देखणा नट आणि रॉबर्ट मिचम यांच्यासारखा जुना जबरदस्त चेहरा, हे सगळं वेस्टर्नचं वचन घेऊन येतं. वेस्टर्नचा हिशेब बेरजेचा असतो. नवखा माणूस शिकतो, नेम सुधारतो, जखम भरते, शेवटी परत येऊन हिशेब चुकता करतो. प्रेक्षक दर काळोखानंतर एक आकडा मिळवायला बसलेला असतो आणि पडद्यावर दर वेळी एक आकडा कमी होतो. त्याला राग येतो तो यामुळे. त्याने वाईट पाहिलं असं मी म्हणणार नाही, कारण वचन त्याला खरोखरच दिलं गेलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं समजावून सांगावं लागत असेल तर सिनेमा फसलाच म्हणायचा. समजावून सांगितल्याशिवाय न भिडणारी कलाकृती मलाही नको असते. पण वजाबाकी मोजता यावी अशी अपेक्षा नाहीच, ती जाणवावी इतकंच पुरे आहे. नील यंग यांनी पडद्यावर सिनेमा चालू ठेवून, तो पाहता पाहता गिटार वाजवली. त्यामुळे संगीत प्रसंग कसा वाटावा हे सुचवत नाही, प्रसंग सोसणाऱ्या माणसासारखं प्रतिसाद देतं, कधी उशिरा, कधी अर्धवट. ईबर्ट यांना खटकलेला तो तुटकपणा मला बरोबर जागी वाटतो: सूर सांधलेले असते, तर दोन प्रसंगांमधली पोकळीही सांधली गेली असती आणि ब्लेकचं काही गेलं आहे हे विसरायला झालं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्यांचे प्रसंग सहज अदलाबदल करता येतील असे उत्तम सिनेमे आहेतच की. लुई बुन्युएल यांचा 'द मिल्की वे' (१९६९) घ्या. दोन भणंग पॅरिसहून स्पेनमधल्या सांतिआगो दे कोम्पोस्तेलाच्या यात्रेला निघतात, वाटेत शतकं एकमेकांत मिसळतात, पाखंडी मतांवरून वाद होतात, तलवारी उपसल्या जातात. त्यातले बरेच प्रसंग मागेपुढे केले तर क्वचितच कुणाच्या लक्षात येईल. हे मी मान्य करतो, पण तिथे दुसरा बंदोबस्त आहे. सुरुवातीलाच एक झगेवाला माणूस त्या दोघांना सांगतो की एका वेश्येपासून तुम्हाला मुलं होतील आणि त्यांची नावं अमुक ठेवा. अखेरीला सांतिआगोच्या वेशीपाशी वेश्या भेटते आणि तीच नावं उच्चारते. शिवाय यात्रेची वाट ठरलेली आहे. दोन्ही टोकं इतकी पक्की ठोकलेली असल्यावर मधल्या प्रसंगांना खेळायला मोकळीक मिळते. आपल्याकडे 'लीळाचरित्रा'त हे शेकडो वर्षांपूर्वीच दिसतं: छोट्या छोट्या, आपापल्या जागी पुऱ्या असलेल्या लीळा, आणि त्यांना धरून ठेवणारं श्रीचक्रधरांचं परिभ्रमण, गावांच्या नावांसकट. त्यामुळे तुकड्यांची रचना मराठी प्रेक्षकाला परकी आहे असं फिल्म सोसायट्यांच्या चर्चांमध्ये जे म्हटलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. आपल्या गद्याची सुरुवातच तशी आहे. तेव्हा माझा नियम थोडा रुंद करावा लागेल. प्रसंगांचा क्रम तरी न हलणारा हवा, नाहीतर दोन टोकं तरी. दोन्ही सैल असतील, तर प्रेक्षकाची तक्रार खरी आहे.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा शंका आहे: प्रतिक्रिया इतक्या वेगवेगळ्या असतील तर त्यांच्यावरून काही ठरवावंच का? 'डेड मॅन'मध्ये नोबडी काही ठिकाणी आदिवासी भाषांमध्ये बोलतो आणि जार्मुश यांनी त्याला उपशीर्षकं दिलेली नाहीत. त्या भाषा जाणणाऱ्या प्रेक्षकासाठी तिथे खास जागा आहेत, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. नोबडी आणि इतर जण ब्लेककडे तंबाखू मागत राहतात आणि तो आपण ओढत नाही असं सांगत राहतो, हाही असाच धागा. तंबाखू अर्पण करण्याची वस्तू आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला शेवटाजवळ त्याचं वजन कळतं, इतरांना ती गमतीची पुनरुक्ती वाटते. म्हणजे प्रेक्षागृहात कोण बसलं आहे यावर सिनेमाचे काही भाग उजळतात, काही विझतात. पण यावरून मनमानीचा निष्कर्ष निघत नाही. नोबडीचं बोलणं न कळलेल्या प्रेक्षकालाही आपल्याला काहीतरी कळलं नाही हे कळतं, आणि ब्लेकची अवस्थाही तीच आहे. हातातलं काहीतरी काढून घेतलं जाणं इथे प्रेक्षकाच्याही वाट्याला येतं.

या सगळ्याचा रोजच्या कामाशी संबंध आहे तो रफ कट लोकांना दाखवतानाच्या प्रश्नांपुरता. 'कुठे कंटाळा आला' असं विचारलं की लोक प्रसंगाचं नाव सांगतात आणि आपण त्या प्रसंगाच्या मागे लागतो. त्याऐवजी 'या प्रसंगाच्या आधी त्या माणसाकडे काय होतं आणि नंतर काय उरलं' असं विचारलं, तर उत्तरं एकदम नेमकी यायला लागतात. उत्तर अजिबातच आलं नाही, तर दोष पुष्कळदा त्याच्या आधीच्या प्रसंगात सापडतो. तिथे जे जायला हवं होतं ते गेलेलंच नसतं, किंवा गेलेलं दिसण्याआधीच आपण कट मारलेला असतो.

या कसोटीवर 'डेड मॅन'ही पूर्ण निर्दोष ठरत नाही, आणि ज्यांना तो मध्यभागी रेंगाळलेला वाटला त्यांच्या बाजूने मी इतकं नक्की म्हणेन. त्यातले बहुतेक सगळे काळोख एकाच वेगाने येतात, एकाच वेगाने जातात. त्यामुळे चष्मा जाण्याइतकी मोठी पोकळी आणि नुसती रात्र सरल्याची पोकळी यांत फरक करता येत नाही. तिघे मारेकरी एकत्र असतानाच्या मुक्कामांमध्ये तर बडबड्याची बडबड वाढते, पण कोल विल्सन किती एकटा आणि किती भयंकर आहे हे पहिल्याच वेळी कळून चुकलेलं असतं. त्यातला एक मुक्काम दुसऱ्याच्या जागी ठेवला तरी ओळखू येणार नाही. सिनेमाभर ब्लेककडून दर वेळी काहीतरी नेलं जातं. या मुक्कामांत पहिली हत्या होईपर्यंत कुणाचंच काही जात नाही, आणि तेवढी दोन-तीन मिनिटं कापावीत असं माझं आजही मत आहे.