बारा सेकंदांची भरारी

आमच्या चिरंजीवांनी माझ्या नव्या छत्रीचे 'विमान' केले आणि ते गॅलरीतून थेट अंगणात कोसळले! मी हात उगारला. पण एकाएकी राइट बंधू आठवले. वडिलांनी आणलेले रबराच्या पिळावर उडणारे खेळणे पाहून ती मुले त्याच्या मोठ्या प्रती करीत, पण त्या धड उडत नसत. आकार वाढला की शक्ती कितीतरी पट लागते, हे त्यांना पुढे उमगले. सायकलींचे दुकान चालवीत त्यांनी पंखांचे नमुने तपासले. अखेर १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉकजवळ ऑर्व्हिल उडाला: १२ सेकंद, १२० फूट! चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद उडाला.

उगारलेला हात खाली आला. "चल रे बाळ, दुसरे करू," मी म्हटले. छत्री गेलीच होती; निदान मुलगा तरी राहू दे!