दोन फुटी टाकी, दहा वॅट

रात्रीचे साडेदहा. टिळकवाडीत पाऊस धरून आहे.

संध्याकाळी गणपत गल्लीत जाऊन आलो. माशांच्या दुकानात निळा-लाल झगमगता दिवा दाखवत मालक म्हणाला, "हेच न्या की ओ, मासे कसे चमकतात बघा!" चमकतात, खरं आहे. पण ही हौस बघणाऱ्याची; गप्पींना दिवस आणि रात्र वेगळे कळले की पुरे. उजेड लागतो तो वनस्पतींना.

शेवटी विजेच्या सामानाच्या दुकानातून साधी दोन फुटी एलईडी पट्टी घेतली. दहा वॅट, खोक्यावर ६५०० के. हा आकडा उजेडाच्या रंगाचा, दिवसाच्या पांढऱ्या उजेडाजवळचा. तेवढ्यावर जावा फर्न, अनुबियास सुखाने जगतात. लाल पानांच्या नखरेल वनस्पतींचा नाद मात्र सोडावा. रोज सात तास लावली तर महिन्याला जेमतेम दोन युनिट. जास्त वेळ ठेवली की काचेवर शेवाळ चढतं, म्हणून वाचलेले पैसे टायमरवर घालावेत. त्यातही आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाणार, आणि काट्याचा टायमर तेवढा मागे पडणार. निपाणीच्या मेव्हण्याचा फोन आला होता: "दाजी, आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या." पटलं.

तुम्हीही अशी पट्टी लावणार असाल तर टाकीवर काचेचं झाकण हवंच. वायर सरळ प्लगात नेऊ नका, प्लगच्या खाली झोळ राहू द्या. ओघळलेलं पाणी तिथूनच खाली पडेल. आणि टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करा.